वाकड्या रेषेचा माग

एकदा एका नगरीत एक रेषा वाकडी निघाली.

रेषा साधीसुधी नव्हती. नगरीबाहेरच्या टेकडीवर एक वेधशाळा होती, म्हणजे आकाश मोजण्याची जागा. तिथे दगडी फरशीचा लांबरुंद चौथरा होता. चौथऱ्याच्या दक्षिण टोकाला एक उंच दगडी खांब उभा होता, त्याला शंकू म्हणत. शंकूच्या पायापासून थेट उत्तर टोकापर्यंत दगडात खाच खोदून पितळेची पट्टी बसवली होती. भर दुपारी शंकूची सावली त्या पट्टीवर येई आणि टेकडीवरचा नगारा वाजे. नगारा वाजला की खालच्या नगरीत दुपार होई. देवळांत नैवेद्य दाखवले जात, कचेऱ्या उठत, आया पोरांना जेवायला हाका मारत.

अंधार पडू लागला की त्याच पट्टीच्या दोन टोकांवर दोन ओळंबे टांगत. दोन्ही दोऱ्या एकीमागे एक दिसतील असं बसायचं, आणि एखादा तारा किंवा ग्रह त्या दोऱ्यांआड गेला की घटिकापात्राकडे पाहून दुपारपासून किती वेळ लोटला ते लिहून ठेवायचं. याला वेध घेणं म्हणत. वेधशाळेचं काम एवढंच होतं. ते रोज करायचं होतं, आणि करणारा गेला की दुसऱ्यानं पुढे चालवायचं होतं.

तिथले आचार्य वृद्ध होते. ज्ञानी होते, कमी बोलत, आणि कमी बोलण्यालाच ज्ञान मानणाऱ्या लोकांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांची शिष्या मात्र तांबटाची मुलगी होती. तांबट आळीत दिवसभर भांड्यांवर हातोडे पडतात, त्यामुळे तिथली माणसं मोठ्यानं बोलतात. वेधशाळेत सगळे कुजबुजत, आणि ही चौथऱ्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारी. "पोरी, तारे बहिरे नाहीत," आचार्य म्हणत. "तारे नसतील, पण नगारजी आहेत!" ती उत्तर देई. नगारजी खरंच बहिरे होते. आयुष्यभर नगारा वाजवल्यावर दुसरं काय होणार?

वर्षातला सर्वांत लहान दिवस आला. त्या सुमारास सावल्या सर्वांत लांब पडतात. शिष्येनं आचार्यांची परवानगी काढून शंकूभोवती दोरीनं एक वर्तुळ आखलं. सकाळी सावलीचं टोक आखडत आखडत जिथे वर्तुळाच्या आत शिरलं तिथे तिनं खूण केली. दुपारनंतर ते टोक लांबत जाऊन जिथे बाहेर पडलं तिथे दुसरी खूण केली. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते आणि तिला काटकोनात उभी रेघ टाकली की दक्षिणोत्तर. ही रीत फार जुनी आहे. शिष्येनं खडूनं आपली दक्षिणोत्तर रेघ आखली. शंकूच्या पायाशी तिची रेघ आणि पितळी पट्टी एकच होत्या. पण उत्तरेकडे जावं तसतशी दोघींमध्ये फट पडत गेली. शेवटच्या टोकाला त्या फटीत बोट मावलं.

तिला आधी वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा आखलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. फट तशीच राहिली. मग ती कारण शोधायला बसली, आणि कारण सापडल्यावर तिला हसू आलं आणि संतापही आला.

ती पट्टी ज्यांनी घातली त्यांनी ती वसंतातल्या विषुवदिनी घातली होती. दिवस आणि रात्र त्या दिवशी समान असतात. एवढ्या पवित्र कामाला याहून पवित्र दिवस कुठला? राजानं मुहूर्त काढला, पुरोहितांनी मंत्र म्हटले, आणि गणित करणारे माना डोलावत उभे राहिले. पण सूर्य वर्षातल्या इतर दिवसांपेक्षा त्याच सुमारास सर्वांत वेगानं उत्तरेकडे सरकत असतो. सकाळी तो जिथे असतो तिथे दुपारनंतर राहत नाही. त्यामुळे संध्याकाळची सावली सकाळच्या सावलीशी जुळत नाही आणि रेषा कलते. सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठ्या दिवशी तो जवळजवळ थबकलेला असतो, तेव्हा घातली असती तर रेषा सरळ आली असती. म्हणजे दिशा मोजायला वर्षातला सर्वांत वाईट दिवस त्यांनी निवडला होता, आणि तो सर्वांत शुभ होता म्हणून निवडला होता.

शिष्या धावतच आचार्यांकडे गेली.

"गुरुजी, आपली दुपार वाकडी आहे."

आचार्यांनी चौथऱ्यावर येऊन दोन्ही रेघा पाहिल्या. खाली बसून फटीत आपलं बोट घालून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, पण आश्चर्य दिसलं नाही.

"बरोबर आहे तुझं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरीही रोज हिच्यावरूनच वेध घेता? उखडू या ना! माझे वडील एका दिवसात नवी पट्टी ठोकून देतील."

"नको. थांब."

"किती?"

"मी सांगेन."

"पण का थांबायचं?"

आचार्यांनी पायावर पाणी घेतलं, पंच्यानं पाय पुसले, आणि ते आत गेले. त्या वेधशाळेत ताऱ्यांना 'का' विचारायची मुभा होती. वडीलधाऱ्यांना विचारायची नव्हती.

शिष्या वर्षभर थांबली. थांबली म्हणजे धुमसत राहिली. रोज सांजेला ती ओळंबे टांगी, आणि टांगताना पुटपुटे, "चला, आजचं खोटं लिहू या." आचार्यांच्या कानावर ते जाई. ते काही बोलत नसत.

टेकडीवर अधूनमधून एक व्यापारी येई. त्याची साडेसाती चालू होती आणि ती नेमकी कधी सरणार हा त्याच्या जिवाचा प्रश्न होता. "पंचांगवाले म्हणतात शनी सरकला," तो म्हणे, "आणि वर बघावं तर महाराज आहेत तिथेच. दोन-तीन दिवसांचा हा घोळ दर वेळी कसा हो? गुरुजी, खरं कोण? पंचांग की शनी?"

"शनी," आचार्य म्हणत. "पण पंचांग किती खोटं आहे ते अजून सांगता येत नाही. थोडं थांबा."

"यांच्याकडे सगळ्याला एकच औषध," शिष्या व्यापाऱ्याला म्हणे. "थांबा, आणि रात्री झोपताना परत थांबा."

व्यापारी हसे. आचार्यही हसत. ते हसत याचाच तिला अधिक राग येई.

पुढचा हिवाळा आला. आचार्यांची थोरली बहीण परगावी अंथरुणाला खिळली होती, तिला भेटायला ते निघाले. जाताना त्यांनी शिष्येला घटिकापात्र स्वच्छ ठेवायला सांगितलं, नगारजींना वेळेवर जेवायला घालायला सांगितलं, एकही सांज चुकवू नकोस असं सांगितलं. रेषेबद्दल ते बोलले नाहीत. एकदा सांगून झालं आहे, असं त्यांना वाटलं असावं.

ते गेले आणि युवराज टेकडीवर आले. राजा थकला होता, कारभार युवराजांकडे येत होता आणि ते एकेक जागा पाहत हिंडत होते. वयानं ते शिष्येएवढेच. चौथऱ्यावर फिरताना त्यांनी सहज विचारलं, "इथे दुरुस्तीचं काही आहे का?"

वर्षभर दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. तिनं वर्तुळ आखून दाखवलं, खडूची रेघ दाखवली, फट दाखवली. विषुवदिनाची गोष्ट सांगितली तेव्हा युवराज मोठ्यानं हसले.

"म्हणजे आमच्या आजोबांच्या काळापासून या राज्यात दुपारसुद्धा वाकडीच? मग नीट का करत नाही?"

"आचार्य थांब म्हणतात."

"कशासाठी?"

"ते सांगत नाहीत."

"आमच्या दरबारातही असेच सात-आठ जण आहेत," युवराज म्हणाले. "विचारलं की मिशीतल्या मिशीत हसतात. तुला खात्री आहे ना रेषा वाकडी असल्याची?"

"आहे."

"मग आणखी काय हवं? उद्या पाथरवट पाठवतो."

तिला खरंच खात्री होती आणि ती खात्री खरीही होती. या गोष्टीतलं दुःख तिथेच आहे.

पाथरवट आले. पट्टी निघाली. साठ वर्षं पायांनी घासून घासून ती कडेला पातळ झाली होती, आणि सांध्यांच्या जागी दगड किंचित खचल्यामुळे मध्ये मध्ये बाकही आला होता. शिष्येनं ती तांबट आळीत पाठवली. तिच्या वडिलांनी ती वितळवून, त्यात नवं पितळ घालून नवी पट्टी ओतली. पाथरवटानं विचारलं, "बाई, जुनी खाच चुन्यानं भरून ठेवू, का वरून सगळीकडे सारखी घडाई करू?"

"घडाई करा," ती म्हणाली. "तिचा मागमूसही राहायला नको."

पाथरवटांनी चौथऱ्याचा वरचा थर खाचेच्या खोलीपर्यंत उतरवला, दगड गुळगुळीत केला, आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी शिष्येनं आखलेल्या रेघेवर नवी पट्टी बसवली. ती सरळ होती. ती आजवरची त्या राज्यातली सर्वांत सरळ रेषा होती. पहिल्या दुपारी सावली पट्टीवर अशी येऊन बसली की नगारजीसुद्धा टिपरी हातात धरून क्षणभर पाहत राहिले. युवराजांनी शिष्येला शाल दिली. तांबट आळीनं पेढे वाटले.

संक्रांत उलटून गेल्यावर आचार्य परतले. त्यांनी पायऱ्या चढून वर पाहिलं आणि ते तिथेच उभे राहिले.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"केसाइतकाही फरक नाही," शिष्या म्हणाली. ती भांडायच्या तयारीत उभी होती. शाल तिनं मुद्दाम अंगावर घेतली होती.

"जुनी पट्टी कुठे ठेवलीस?"

"वितळवली. या नवीत तीच आहे."

"आणि खाच?"

"घासून काढली."

आचार्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते नगारजींची चौकशी करायला गेले. शिष्येला वाटलं, जिंकले. पण त्या जिंकण्याला काही चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आचार्यांनी एक विचित्र काम आरंभलं. ते चौथऱ्यावर गुडघ्यांवर आणि तळव्यांवर रांगू लागले. नव्या पट्टीच्या बाजूच्या फरशीवर ते तांब्यातलं पाणी शिंपडत, डोळा दगडाजवळ नेत, आणि पाणी कुठे आधी वाळतं नि कुठे उशिरा ते पाहत बसत. कधी तेलाचं बोट फिरवत, कधी नखानं चाचपत. थंडीचे दिवस होते. त्यांचे गुडघे सुजले, तरी रोज सकाळी ते हजर.

टेकडीवर येणारी माणसं बघत आणि एकमेकांना कोपर मारत. "गेले आचार्य," लोक म्हणू लागले. "वय झालं. शिष्येनं मात केली ते डोक्यात गेलं."

व्यापाऱ्यानं वाकून विचारलं, "काय हरवलं गुरुजी? मोहर असेल तर अर्धी माझी हं, मीही शोधू लागतो."

"शोधा की," आचार्य म्हणाले. "तुमचीच साडेसाती आहे तीत."

व्यापाऱ्याला ते कळलं नाही. तो शिष्येकडे पाहून खांदे उडवून निघून गेला. शिष्येला मात्र राहवेना. लोक तिच्या गुरूंना हसत होते, आणि हसण्याला कारण तिनं दिलं होतं. ती चौथऱ्यावर गेली आणि तांबट आळीच्या आवाजात म्हणाली, "उठा! अहो, उठा. काय शोधताय?"

"चूक शोधतोय."

"कुठली चूक?"

"तू काढलीस ती."

"मी काढली, म्हणजे ती आता नाही!"

"म्हणून तर शोधावी लागते आहे," आचार्य म्हणाले. त्यांनी तिच्या हाताचा आधार घेतला आणि ते चौथऱ्याच्या कडेवर बसले. मग गेल्या वर्षभरात बोलले नव्हते एवढं ते एका दमात बोलले.

"आत ज्या नोंदी आहेत, माझ्या गुरूंच्या आणि माझ्या, त्यांतला एकेक वेध त्या पट्टीवरून घेतलेला आहे. पट्टी वाकडी होती, तेव्हा वेधही तेवढेच वाकडे आहेत. पण धान्य खोट्या पायलीनं मोजलेलं असलं तरी ते वाया जात नाही. पायली हाती असेल तर ती किती खोटी आहे ते बघता येतं, आणि सगळं मोजमाप मागाहून खरं करता येतं. पायलीच फोडली तर कोठारात किती धान्य आहे ते कधीच कळत नाही. शनीला आकाशाची एक फेरी करायला तीसेक वर्षं लागतात. माझ्या गुरूंनी तरुण असताना त्याला एका ताऱ्यापाशी पाहिलं. तो फिरून त्या ताऱ्यापाशी आला तेव्हा ते म्हातारे होते आणि मी तरुण. या उन्हाळ्यात तो पुन्हा तिथेच येतो आहे. दोन फेऱ्या पुऱ्या होतात. पंचांग त्याच्यापुढे का धावतं आणि किती धावतं, हे दोन फेऱ्यांवरून सांगता आलं असतं. तो फरक दोन-तीन दिवसांचा आहे. आणि रेषा जेवढी वाकडी होती, त्या वाकडेपणाची किंमतही दोन-तीन दिवसच होते."

शिष्या म्हणाली, "पण मी मोजलं होतं. शेवटच्या टोकाला बोटभर."

"कुणाचं बोट? तुझं की माझं?" आचार्यांनी आपला सुजलेला हात तिच्या हाताशेजारी धरला. "या दोन बोटांच्या फरकात शनीचा एक दिवस जातो. आणि मधले बाक? ते तर तूही मोजले नाहीस."

तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पाण्यानं काही दिसतं का?"

"नाही. पाथरवटांनी काम फार चांगलं केलं आहे."

पण ती हरणारी नव्हती. तिला एकदम उपाय सुचला आणि ती उठून उभी राहिली. रेषा का वाकडी झाली हे तिला ठाऊक होतं. विषुवदिनी आखली म्हणून. मग येत्या विषुवदिनी ती पुन्हा तशीच आखायची! त्यांनी जे केलं तेच आपण करू, जी चूक त्यांच्या हातून झाली तीच आपल्या हातून होईल, आणि जुनी रेषा पुन्हा सापडेल. आचार्यांनी या वेळी 'थांब' म्हटलं नाही, आणि तिला पुढे फार दिवस वाटत राहिलं की एवढ्या एका वेळी म्हणायला हवं होतं.

विषुवदिन आला. सूर्य उगवण्याआधीच ती चौथऱ्यावर होती. पहिलं वर्तुळ आखताना तिचा हात अडला. दोरी किती लांब घ्यायची? साठ वर्षांपूर्वीच्या माणसांनी किती घेतली होती? ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लांब दोरी घेतली तर सकाळची खूण लवकर मिळते, संध्याकाळची उशिरा, मधल्या वेळात सूर्य जास्त सरकतो आणि रेषा जास्त कलते. आखूड घेतली तर कमी. तिनं एकाऐवजी अनेक वर्तुळं आखली. दिवसभर ती सावलीच्या टोकामागे धावत राहिली. जेवणाचीही शुद्ध तिला नव्हती. सूर्य मावळताना तिनं खुणा जोडल्या आणि प्रत्येक वर्तुळाची दक्षिणोत्तर रेघ टाकली.

शंकूच्या पायापासून खडूच्या रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरल्या. प्रत्येक वाकडी होती आणि प्रत्येकीचा वाकडेपणा वेगळा होता.

आचार्य काठी टेकत आले. ती त्या रेघांच्या मधोमध पाय पोटाशी घेऊन बसली होती. हाताला, कपाळाला खडू लागला होता.

"यांतली एक तीच असेल," ती म्हणाली.

"असेल."

"पण कुठली ते कळायला मार्ग नाही."

"नाही."

"सगळ्या चुका करता आल्या मला. त्यांची तेवढी नाही आली."

आचार्य तिच्या शेजारी बसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तिनं झटकून टाकला. एखादीनं रडून क्षमा मागितली असती. ही उसळली.

"तुम्ही सांगायचं होतं! एक वाक्य. 'शनी येऊन जाऊ दे,' एवढं म्हणाला असतात तर मी त्या पट्टीला फडक्यात गुंडाळून ठेवलं असतं. वर्षभर माझ्या हातात वेळ होता. रोज धुसफुसत बसण्यापेक्षा मी ती वीतभर वीतभर करून मोजून काढली असती. माझी रेघ होती, तुमची पट्टी होती, दोन्ही शेजारी शेजारी होत्या! पाहून हसलात काय, पाय धुतलेत काय, आत गेलात काय!"

"हो," आचार्य म्हणाले.

तिला वादाची अपेक्षा होती. त्या एका अक्षराशी वाद घालता येत नव्हता.

"मला माझ्या गुरूंनी सांगितलं होतं, पट्टीला हात लावू नकोस," ते म्हणाले. "मी लावला नाही. का, हे मला कितीतरी वर्षांनी आपोआप उमगलं. त्यामुळे मी समजून चाललो की सांगणं एवढंच असतं. शिष्य निवडताना मात्र मी तुला निवडलं. जे सांगितलं ते खरं मानून चालणारे चार जण आधी येऊन गेले होते, त्यांच्यातल्या एकालाही ती रेषा वाकडी दिसली नाही. तू कुणाचं ऐकून घेत नाहीस म्हणून तुला घेतलं, पोरी. आणि मग बोललो असा, की जणू तू ऐकून घेणाऱ्यांतलीच आहेस."

खालच्या नगरीत दिवे लागत होते. नगारजी ओळंबे घेऊन आले आणि दोघांना तसं बसलेलं पाहून, काही न विचारता, ते पायरीवर ठेवून गेले. शिष्या उठली. तिनं खडूच्या रेघांवर पाणी ओतलं आणि खराट्यानं त्या धुऊन काढल्या. धुताना तिला रडू आलं. आचार्य तिच्याबरोबर उठले आणि पाणी ओतत राहिले.

उन्हाळा आला. आकाश स्वच्छ होतं. एका सांजेला, अजून उजेड पुरता मावळला नव्हता तोच, शनी त्या ताऱ्यापाशी दिसू लागला. पिवळसर, मंद, न लुकलुकणारा. खाली नगरीत लोक त्याला तेल वाहत होते. व्यापारीही वर येऊन एका कोपऱ्यात हात जोडून उभा होता. पंचांगाप्रमाणे शनी केव्हाच पुढे गेला होता.

शिष्येनं दोन्ही ओळंबे टांगले. आचार्यांची नजर आता दोऱ्या धरू शकत नव्हती, म्हणून ती दोऱ्यांमागे बसली आणि आचार्य घटिकापात्रापाशी बसले. वारा पडला. दोऱ्या स्थिर झाल्या.

"आत्ता!" ती ओरडली. तिचा आवाज पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेला असेल.

आचार्यांनी वेळ सांगितली. ती लेखणी घेऊन वाकली आणि थबकली. आजवर अशा प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर फेरीचा आकडा घालायची रीत होती. गुरूंच्या हातचा, मग आचार्यांच्या हातचा. आता तिसरा आकडा यायचा होता.

"काय घालू वर?" तिनं विचारलं. "तिसरी?"

आचार्यांनी शनीकडे तोंड केलं. तो त्यांना दिसत होता की नाही कोण जाणे.

"नाही," ते म्हणाले. "ही सरळ रेषेवरची आहे. पहिली लिही."

तिनं लिहिलं. तो पुन्हा तिथे यायचा तेव्हा ती आचार्यांच्या आजच्या वयाच्या जवळ पोचलेली असणार होती, आणि त्यानंतरच्या वेळी ती असणार नव्हती. तिनं तशीच लेखणी पुन्हा टेकवली आणि नोंदीखाली आणखी चार ओळी लिहिल्या: ही रेषा कुठल्या दिवशी आखली, दोरी किती लांब होती, तिच्यात कुठे काय दोष असू शकतात, आणि हिला कुणी का हलवू नये. वेधशाळेत असं कुणी आधी लिहिलं नव्हतं. तिनं ते आचार्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि 'का'च्या ओळीपाशी तिला पुन्हा वाचायला लावलं.

ज्यांना वाकडं उखडायचं आहे त्यांनी ते आधी मोजून घ्यावं. आणि जे उखडू नका म्हणतात त्यांनी तोंड उघडून कारण सांगावं, कारण त्यांच्या मौनाची किंमत त्यांच्या वयाचं कुणी मोजत नाही.